गोलंदाजाचा रविवार

खर्ड्याच्या लढाईत पेशव्यांच्या तोफखान्यातल्या गोलंदाज गुलजारखानाचे कान गेले आणि त्याचा तोफेवरचा सोबती आंतोन मारला गेला. पुण्यात परतल्यावर हळूहळू घरच्यांनीही बहिऱ्याशी बोलणं सोडलं. मग तो दर रविवारी ख्रिस्ती शिपायांच्या चर्चमध्ये जाऊन मागे बसू लागला. गोव्याहून आलेल्या नव्या पाद्रींना हे खटकलं. त्यांनी आंतोनच्या विधवेला, ब्रिजिदाला सांगितलं, "याला विचार, आमच्या देवावर तुझा विश्वास नाही, ऐकूही येत नाही, मग येतोस कशाला?" तिने खुणांनी विचारलं. बहिऱ्याच्या चढ्या आवाजात तो म्हणाला, "भाभी, आंतोन सांगायचा, प्रार्थनेची लॅटिन भाषा इथे कुणालाच कळत नाही. तेवढा वेळ मी एकटाच बहिरा नसतो." पाद्रींनी प्रार्थना सुरू केली. ती संपताच लोक अंगणात गप्पांत रमले. गुलजारखान एकटा निघाला. काही न बोलता ब्रिजिदा त्याच्याबरोबर चालू लागली.