मास्तरची परीक्षा

मास्तर नापास व्हावा म्हणून काकूंनी कंबर कसली होती. स्वेटरच्या एका खिशात चीजचे तुकडे, दुसऱ्यात बिस्किटं आणि सोबतीला ढब्बू. ढब्बू म्हणजे खोड्यांचं आगर. तो शेजारी असल्यावर भल्याभल्या कुत्र्याचं डोकं फिरायलाच हवं.

भानगड अशी होती. गावात अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणारी शाळा होती. शाळा पिल्लू घरी द्यायची. दीड वर्ष सांभाळायचं, शिकवायचं, मग परीक्षा. पास झाला तर कुत्रा अंध माणसाकडे जायचा, नापास झाला तर सांभाळणाऱ्याकडेच राहायचा. तीन वर्षांपूर्वी ढब्बू भर परीक्षेत खारीमागे धावला आणि काकूंचा झाला तो कायमचा. मास्तर मात्र पिल्लू होता तेव्हापासून गंभीर. नावसुद्धा त्यावरूनच पडलं. काका गेल्यावर या दोघांनीच काकूंना माणसात ठेवलं होतं. त्यातही मास्तर, काकू नुसत्या पाणी प्यायला उठल्या तरी हा उठून पुढे चालायचा. तो गेला तर घर खायला उठेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रानबागेच्या फाटकाशी परीक्षक बाई वही घेऊन उभ्या होत्या. तरुण, मोजकं बोलणाऱ्या. अगदी जवळ गेल्यावर दिसलं, डोळ्यांवर काळा चष्मा. एवढ्या धुक्यात? हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही, काकूंच्या मनात आलं.

"काकू, पट्टा धरून तुम्ही पुढे चाला. मी मागून येते. मी नाहीच असं समजा."

"आणि थांबायचं कुठे?"

"ते मास्तर ठरवेल."

यंदा धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. हिवाळा लागल्यापासून सगळी रानबाग जणू दुधात बुडाली होती. पायाखाली वाळकी पानं तेवढी कुरकुरत होती. काकूंच्या ते पथ्यावरच पडलं. अशात कुत्रा गोंधळणार नाही तर काय.

पहिल्या वळणावर त्यांनी हळूच चीज खाली टाकलं. मास्तरनं मानसुद्धा वळवली नाही. ढब्बूनं मात्र चट्टामट्टा केला.

"शिष्ट मेला," काकू पुटपुटल्या. बिस्किटांचीही तीच गत झाली.

थोडं पुढे मास्तर एकदम थांबला.

"चल."

तो हलेना.

"चल म्हणते ना."

उलट तो त्यांच्या पायांत आडवा उभा राहिला आणि त्यांना उजवीकडे गवतातून वळसा घालून घेऊन गेला. काकूंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. धडधडीत आज्ञा मोडली होती. मागे पेन चालल्याचा आवाज आला.

"फार अडेल आहे हो," काकू उत्साहानं म्हणाल्या.

"घरीही असंच करतो?"

"रोज. जिन्यावर तर विचारू नका. पायरीआधी थांबणार म्हणजे थांबणार."

"कधीपासून?"

"झाले की चार-पाच महिने. आधी नव्हता असा."

परीक्षक बाईंचं पेन बराच वेळ चालू राहिलं. एवढं काय लिहितायत, या विचारानं काकूंना चैन पडेना. मागे जाऊन वहीत डोकवावं असं दोनदा वाटलं, पण मास्तर मागे वळू देईना.

तेवढ्यात ढब्बूला खार दिसली. पट्टा हिसडून तो धूम पळाला. मास्तरचे कान ताठ झाले, अंग थरथरलं, पण पाय जागचे हलले नाहीत. काकूंना वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं. आपणच शिकवलं होतं ना.

मग त्यानं काकूंना चक्क खांद्यानं ढकललं. त्या झाडाला टेकल्या आणि शेजारून एक सायकल सर्रकन निघून गेली.

"पाहिलंत? माणसाला ढकलतो. शोभतं का हे?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या.

ढब्बू जिभल्या चाटत परत आला. वाटेच्या शेवटी बाक होता. काकू चाचपून बसल्या. बाक उबदार लागला. आत्ताच कुणी उठून गेलं असावं. बाईंनी वही पुढे केली. काकूंनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"मुंगीच्या पावलांएवढं लिहिता बाई तुम्ही. तुम्हीच वाचा."

"पास," बाई म्हणाल्या. "इतका चांगला कुत्रा मी आजवर तपासला नाही."

मास्तरनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या कितीतरी वेळ त्याचे कान कुरवाळत राहिल्या.

"कुणाकडे पाठवणार?" त्यांनी शेवटी विचारलं. "माणूस मायेचं आहे ना? याला एकट्याला ठेवलं तर जेवत नाही हो."

"कुठेच पाठवत नाही. वाट दाखवायला ज्याला द्यायचा, त्याच्या जागी मी तुमचंच नाव लिहिलंय."

काकू ताडकन उठल्या. "म्हणजे? मी काय आंधळी आहे? या मेल्या धुक्यात कुणाला दिसतंय?"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"काकू, आज सकाळपासून लख्ख ऊन पडलंय."