शेवटच्या दिवसाचं कामकाज

"आपले जुने सभापती गेले. रात्रीच," दारात उभं राहून चऱ्हाट म्हणाले. "बाईंना पेपरातून कळायला नको, म्हणून स्वतः आलो."

विरोधी बाकांवरच्या या म्हाताऱ्या सदस्यांचं टोपणनाव बाईंनीच ठेवलं होतं. ते बोलायला उठले की घड्याळ दमायचं. बाईंचं विधेयक त्यांनी दोन अधिवेशनं नुसतं बोलबोलून लोंबकळत ठेवलं होतं.

"तिचा डोळा लागलाय," बाईंचे मिस्टर म्हणाले. सभागृहात सगळे त्यांना याच नावानं ओळखत. लेथवर जन्म काढलेल्या या माणसाला स्वतःचं नाव असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"उठवत नाही हो. नुसतं बघून येतो. तीस वर्षं भांडलोय आम्ही."

मिस्टर दारातून हलले नाहीत. म्हातारा त्यांच्या हाताखालून आत शिरला.

बाहेर आले तेव्हा चऱ्हाट चष्मा पुसत होते.

"डॉक्टर?"

"काल येऊन गेले."

"बरं. झोपू द्या त्यांना. कुणाला आत सोडू नका. मला सोडलंत तसं तर मुळीच नाही."

ते गेल्यावर मिस्टरांनी इस्त्रीचा सदरा घातला, दाराला कुलूप लावलं आणि सभागृहाची वाट धरली.

बाई फरशी पॉलिशच्या कारखान्यातून राजकारणात आल्या, त्या दगडाची पूड फुप्फुसात घेऊनच. त्यांचं विधेयक अगदी साधं होतं. धुळीनं आजारी पडलेल्या कामगाराचं औषधपाणी, नोकरी सुटली तरी, मालकानं करायचं. आज सभागृहाच्या मुदतीतला शेवटचा दिवस. आज मत पडलं नाही तर विधेयक बाद, आणि निवडणुकीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाईंना बिछान्यातून उठवत नव्हतं, म्हणून त्यांचं अधिकारपत्र घेऊन त्यांच्या पक्षाची धाकटी सदस्य ते मांडणार होती.

ती जिन्यातच भेटली.

"काका, वाचलो! माजी सभापतींसाठी दोन मिनिटं उभं राहायचं, की कामकाज सुरू. हेच आपल्यातलं कुणी आजचं सदस्य गेलं असतं, तर दिवसभरासाठी तहकूब. सगळ्यावर पाणी पडलं असतं." मग तिनं जीभ चावली. "काय बोलतेय मी! बाई कशा आहेत?"

"खोकला थांबलाय."

"फोन लावू? दोन शब्द ऐकले की मला धीर येईल."

"नको. शेजारीण बसलीय जवळ. उठवायचं नाही म्हणून बजावून आलोय."

"बरं, राहिलं. नंतर ओरडा खायला मीच येते घरी."

दोन मिनिटांच्या शांततेत मिस्टर प्रेक्षक गॅलरीत उभे राहिले. एवढं गप्प सभागृह त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खाली बाईंची जागा रिकामी होती. तेवढ्यात कुणीतरी खोकलं. तोच कोरडा, अर्ध्यात तुटून पुन्हा सुरू होणारा खोकला. मिस्टरांनी कठडा घट्ट धरला. त्या जागेकडे पाहायचा धीर होईना. सगळे बसले तरी ते उभेच होते. शेवटी रखवालदारानं त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बसा काका. झालं."

सरकारी कामकाज दिवसभर रेंगाळलं. बाईंच्या विधेयकाचा पुकारा झाला तेव्हा सभागृह उठायला जेमतेम अर्धा तास उरला होता. धाकटी थोडक्यात बोलली आणि विधेयक मंजूर करावं म्हणून तिनं प्रस्ताव मांडला.

"कुणाला बोलायचंय?" सभापतींनी विचारलं.

चऱ्हाट उठले.

"झालं!" गॅलरीत कुणीतरी पुटपुटलं. "पडलं घोंगडं भिजत."

चऱ्हाट घोटभर पाणी प्याले. त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं.

"सभापती महोदय, ज्यांचं हे विधेयक, त्या सदस्य आज सभागृहात नाहीत," ते म्हणाले आणि थांबले.

मिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

"त्यांच्या माघारी त्यांच्याशी भांडण्यात मला गोडी नाही. माझा विरोध होता, आहे. मतास टाका."

आणि ते खाली बसले. त्यांच्या शेजारचा सदस्य त्यांच्याकडे बघतच राहिला.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

होय घुमलं.

"प्रतिकूल?"

थोडे नकार आले. त्यात सगळ्यांत खणखणीत चऱ्हाटांचा.

"होकाराचं बहुमत. विधेयक संमत."

सभागृह उठल्यावर धाकटी धावतच जिना चढून आली. "काका, चला! मीच सांगते त्यांना, आता उठवायचंच!"

"तू थांब पोरी," मागून चऱ्हाट म्हणाले. ते धापा टाकत होते. "आधी मला यांच्याशी बोलू दे."

त्यांनी मिस्टरांना दंडाला धरून खिडकीशी नेलं.

"आता सभापतींना सांगू ना?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "सकाळी मी बाईंचा हात हातात घेतला होता. तेव्हाच गार होता."

मिस्टरांनी मान डोलावली.

परगावी असलेल्या त्यांच्या मुलीलाही अजून कळवायचं राहिलं होतं.