बोलकी पेटी

"हूं का चूं करायचं नाही," दादाने बजावलं. "हात मांडीवर. खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घे."

"मी माझ्याच परीक्षेत कॉपी पुरवीन का?" धाकटी म्हणाली.

"आईसाठी तू काहीही करशील. तुला मी आज ओळखतोय का?"

टेबलावर औषधांची पेटी होती. सहा खण आणि दर्शनी बाजूला गुळगुळीत काच. काचेवरून बोट फिरवलं की पेटीतली बाई कुठल्या खणात कुठली गोळी आणि ती कधी घ्यायची ते सांगायची. त्याच जागी बोट दोनदा टेकवलं की खण उघडायचा. आईसारख्या डोळ्यांनी अधू असलेल्यांना कुणाच्या मदतीशिवाय औषध घेता यावं, म्हणून धाकटीने ती कंपनीत बसून रचली होती. बाईचं बोलणं इअरफोनमधूनच ऐकू यायचं, हा हट्टही तिचाच. कोण कसली गोळी घेतो हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशाला कळायला हवं?

दादा काही दुष्ट नव्हता. मागे आईने रक्तदाबाच्या गोळीऐवजी झोपेची गोळी घेतली आणि भरदुपारी स्वयंपाकघरात कोसळली. तेव्हापासून झोप उडाली होती ती दादाची. त्याने आपल्या घरातली एक खोली रंगवून घेतली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आणि आईला न्यायला आला.

आई जागची हलेना. "या घरात मला सगळं दिसतं रे," ती म्हणाली होती. "तुझ्याकडे आले की मी आंधळी होईन."

"पण पुन्हा चुकीची गोळी घेतलीस तर?" दादाने विचारलं. शेवटी असं ठरलं की त्याच्यासमोर आईने पेटीतून बरोबर गोळ्या काढून दाखवायच्या. जमलं तर आई इथेच राहील. एकदा जरी चुकली तरी बॅग भरायची.

धाकटीला तशी धास्ती नव्हती. आईबरोबर तिने पेटीची कितीतरी वेळा चाचणी घेतली होती. पाठांतराला वाव नको म्हणून दर खेपेला गोळ्यांचे खण बदलायची. स्वतः तोंडाला कुलूप लावून मागे बसायची. पेटी काय बोलते ते काचेवर अक्षरांतही उमटायचं, ते वाचत जायची. आई एकदाही चुकली नव्हती. आईला जमलं म्हणजे कुणालाही जमेल, असं तिने कंपनीतल्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. साहेबांनी लगेच पेट्या बाजारात पाठवायची तयारी सुरू केली.

"पंखा बंद करा," आई म्हणाली. "घरघर नको."

तिने इअरफोन एकाच कानात घातला. दुसरा कान ती नेहमी मोकळा ठेवायची. दाराशी कोण आलं, दूध उतू चाललंय का, हे तिला त्याच कानाने कळायचं.

"तू बाहेर थांबलीस तर?" दादाने धाकटीला विचारलं.

"बसू दे रे तिला," आई म्हणाली. "परीक्षा तिची, आणि तिलाच बाहेर काढतोस होय? ये गं, अशी जवळ बस."

धाकटी आईच्या मागे खुर्ची ओढून बसली. दादाने खण स्वतः बदलून भरले आणि पेटीत तशी नोंद केली. मग तो समोर उभा राहिला आणि आईकडे न बघता धाकटीकडेच बघत राहिला.

"रक्तदाबाची," तो म्हणाला.

आईचं बोट काचेवरून सरकायला लागलं. एका खणावर थांबलं, पुढे गेलं, परत फिरलं. धाकटी जीव मुठीत धरून बसली होती. बोट पुन्हा पुढे सरकलं, थबकलं आणि दोनदा टेकलं. खण उघडला. गोळी रक्तदाबाचीच होती.

"झोपेची."

तीही बरोबर. मग दादाने साखरेची मागितली आणि मध्येच पुन्हा रक्तदाबाची, फसते का बघायला. आई फसली नाही.

दादाने खुर्ची ओढली आणि मटकन बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "राहा बाई तुझ्या घरात," तो म्हणाला. "त्या खोलीत मीच जाऊन झोपतो आता."

संध्याकाळी तो एकटाच परत गेला. धाकटीचीही निघायची वेळ झाली होती. रात्रीच्या गोळीच्या वेळी घरात आईशिवाय कुणी असणार नव्हतं, आणि या गोष्टीचाच धाकटीला अभिमान वाटत होता.

आईने चहाचं आधण ठेवलं. धाकटीने पेटी फळीवर ठेवली आणि मागची वायर खोचायला ती भिंतीकडे तोंड करून फिरवली. वायर नीट बसली का हे बघायला तिने इअरफोन कानाला लावला आणि काचेवर चाचपडत बोट फिरवलं.

बाई बोलली. धाकटीला एक शब्द कळला नाही.

तिने पुन्हा बोट फिरवलं. गोळीचं नाव, सकाळ, रात्र, सगळ्याचा नुसता लगदा झाला होता. तिने पेटी आपल्याकडे वळवली. अक्षरं समोर आली आणि शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू यायला लागला. पेटी परत भिंतीकडे फिरवली, की पुन्हा लगदा. अक्षरं समोर नसताना तिने त्या बाईला आजवर कधी ऐकलंच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "यातली बाई काय बोलते ते तुला कळतं ना?"

आईने गॅस बारीक केला. "पहिल्यापासून नाही कळत. इतकी भरभर बोलते मेली. पण तसं सांगितलं असतं तर तुझी पेटी नापास झाली असती आणि मी दादाकडे गेले असते."

"मग दर वेळी बरोबर खण कसा उघडलास?"

"बोट चुकीच्या खणावर असलं की तू श्वास रोखून धरतेस," आई म्हणाली. "बरोबर खणावर आलं की सोडतेस."