आडवी मान
नऊ वर्षं इटलीत परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करणारी रुम्याना दर उन्हाळ्यात दाढा भरायला बल्गेरियात, आईकडे यायची. यंदा मात्र कायमचं राहायचं ठरवूनच आली होती. इंजेक्शन देऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय का अजून?" तिनं मान आडवी हलवली. बाईंनी लगेच दुसरं इंजेक्शन टोचलं. तिचे विस्फारलेले डोळे पाहून हसल्या. "अगं, आपल्याकडं आडवी मान म्हणजे 'हो'! विसरलीस? मानसुद्धा तिकडचीच झाली की तुझी!" घरी पोचली तेव्हा जीभ लाकूड झाली होती. आई दारातच होती. "यंदाही जाणार का परत?" रुम्यानानं दमलेली मान हलवली, आडवीच. आई आत गेली आणि भाजक्या मिरच्यांच्या चटणीची बरणी आणून तिनं लेकीच्या बॅगेत ठेवली. रुम्यानानं तोंड उघडलं; नुसती लाळ गळली. आईनं ती रुमालानं पुसली. "असू दे. मला ठाऊकच होतं."