बारावी खुर्ची

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे. बाराही जण बडी धेंडं. पाणी तापवून घंगाळ भरण्याचं काम मात्र झाडूवालीचं, अठरा वर्षं. यंदा त्यांतले डॉक्टर फिरकलेच नाहीत आणि बारावी खुर्ची रिकामी राहिली. घंगाळ ठेवून झाडूवाली सरळ त्या खुर्चीवर बसली. चर्चचे सेक्रेटरी धावत आले. "ऊठ. पायरी ओळखून वाग." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येशूने माझ्यासाठी जीव दिला, असं दर रविवारी इथेच ऐकते. त्याने जीव दिला आणि तुमच्याने एक खुर्ची देववत नाही?" तिने भेगाळलेल्या टाचा घंगाळात बुडवल्या. पाणी झोंबलं, पण तिने पाय काढले नाहीत. फादर टॉवेल घेऊन उभेच होते. "पाणी निवतंय, फादर," ती म्हणाली. "वाका आता."