बारावा दगड

गोणपाट सोडलं आणि हंबीररावांनी हात झटकन मागं घेतला. आतला दगड शेंदरानं माखलेला होता, जुन्या तेलाचा वास मारत होता, बोटांना चिकटत होता. अकरा दगड धुऊन ओळीनं मांडून झाले होते. हा बारावा, गोणपाटावर गावाचं नाव नसलेला.

नव्या चर्चच्या वेदीच्या पायात बारा गावांचे बारा दगड बसवायचे, ही कल्पना चर्चचे पंच म्हणून त्यांचीच. इस्राएलाचे बारा वंश म्हणजे प्रभूचे बारा प्रेषित, आणि तेच आता आपल्या बारा मंडळ्या, हे ते महिनाभर सगळ्यांना समजावत होते. गावोगाव वंशही वाटून दिले होते. स्वतःच्या कुरुंदवाडला यहूदा, सिंहाचा वंश. तिथला दगड त्यांची आई, आक्का, कुणाच्या तरी हाती पाठवणार होती. दान हा वंश मात्र त्यांनी कुणालाच दिला नव्हता. तो वाटेवरचा साप, असं बायबलच म्हणतं. बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या बारा वंशांच्या यादीतही त्याचं नाव नाही, म्हणून त्यांनी तीच यादी धरली होती.

"ह्यो दान. नेसरीवाल्यांचंच काम," ते गवंड्याला म्हणाले.

नेसरीच्या मंडळीचा बाप्तिस्मा होऊन तीनच वर्षं झाली होती. तिथली बनाबाई एसटीत मांडीवर दगड घेऊन सकाळीच आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, हे त्यांनी कुणालाच बोलू न देता तिला तोंडावर ऐकवलं. रविवारी नेसरीकरांनी वेदीपुढं यायचं नाही, हेही सांगून टाकलं. मग दगड गोणपाटात धरून मागच्या गटारात फेकला, वर थुंकले आणि तीनदा साबण लावून हात धुतले.

परत आले तर बनाबाई चौथ्या दगडावर हात ठेवून उभी होती.

"पंच, आमचा ह्यो हाय, घटप्रभेतला. त्यो आमचा न्हवं."

हंबीरराव एकेका गावाचं नाव घेत गेले, गवंडी एकेक दगड दाखवत गेला. अकरा गावं झाली. उरलं कुरुंदवाड.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. हंबीररावांच्या धाकट्या भावाचा, आण्णाचा, हात धरून आक्का उतरली. ऐंशीची झाली होती, पण चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता. हंबीररावांच्या पाठीवर हात ठेवून ती हलक्या आवाजात सांगू लागली. आपल्या घराच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी घरातले सगळे देव कृष्णेत सोडले, पण एक तिच्यानं सुटला नाही. पंचेचाळीस वर्षं लुगड्यांच्या तळाशी लपवून ठेवला, चोरून तेल-शेंदूर लावला.

"तुझ्या बारा दगडांचं ऐकलं आन् मन घट्ट केलं. म्हटलं, आता ह्योबी परभूच्या पायाशी जाऊ दे."

हंबीररावांनी हात पाठीमागं नेले. नखांतला शेंदूर तीनदा धुऊनही गेला नव्हता. त्यांना स्वतःच्याच बोटांची शिसारी आली.

आक्का ओळीवरून नजर फिरवत होती.

"कुठला वंश दिलास रं त्येला?"