सोडायचा मासा

होडीत दोघेच होते. मागे इंजिनाशी परीक्षित, पुढच्या फळीवर डॉक्टर शशिधर, त्याचे सासरे. म्हणजे गेल्या ऑक्टोबरपर्यंतचे सासरे. ऋजुता आणि परीक्षितचा घटस्फोट तेव्हा झाला, पण स्कॉटलंडमधल्या या सरोवरावरची मार्चची होडी त्याच्या कितीतरी आधी बुक झालेली होती. ती रद्द करायचं राहूनच गेलं. निदान एकमेकांना दोघांनी तसंच सांगितलं होतं.

ऋजुताला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या आईला होतं. बर्मिंगहॅमहून निघताना थर्मास हातात देत सुमनताईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "अहो, या वेळी सांगून टाका त्याला. मे महिन्यात लग्न आहे तिचं. यापुढे फोन नको, भेटणं नको. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"मी सांगतो," शशिधर म्हणाले होते. पस्तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना काय काय सांगितलेला माणूस. याचं काय एवढं, असं त्यांना वाटलं होतं.

आता होडीत बसून पाच तास झाले होते. थंडीने तोंड बधिर झालं होतं, आणि गप्प राहायला तेवढं निमित्त पुरत होतं. हा मुलगा त्यांना आवडायचा. ऋजुताला नकोसा झाला म्हणून त्यांना झाला नव्हता.

होडी लहान, जुनी. आमिष हव्या त्या खोलीवर नेणारं डाउनरिगर मोठ्या बोटींवर असतं. इथे गळाच्या दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, दोन्ही हात पसरले की एक वाव, अशी वीस वाव दोरी मोजून सोडायची आणि तिचा एक वेढा फळीवर छोट्या दगडाखाली दाबून ठेवायचा. सॅमन लागला की दगड उडतो. सात वर्षांत तो एकदाच उडाला होता, आणि तेव्हा तळाशी लाकूड अडकलेलं निघालं.

सँडविचच्या डब्यात ठेवलेला शशिधरांचा फोन वाजला. त्यांच्या हातात जाड मोजे, म्हणून परीक्षितनेच मेसेज उघडला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. इंग्रजी अक्षरांत दोनच मराठी शब्द होते. सांगितलं का?

"आईंचा आहे," परीक्षित म्हणाला. "काय म्हणतायत?"

"विचारतेय, जेवलात का."

"हं." त्याने फोन डब्यात ठेवला, झाकण लावलं. जरा वेळाने म्हणाला, "पुढच्या वर्षीची होडी आज जातानाच बुक करायची ना, बाबा?"

"बघू," शशिधर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

दुपारी दीडच्या सुमाराला दगड उडाला. या वेळी लाकूड नव्हतं. वीस मिनिटं शशिधर गळाशी झगडत राहिले, परीक्षित जाळं धरून वाकून उभा राहिला आणि शेवटी होडीच्या कडेशी चांगला नऊ पौंडांचा सॅमन आला. दोघांपैकी कुणीही ओरडलं नाही.

या दिवसांतला मासा मारायचा नाही, असा तिथला नियम. नुसता टाकूनही द्यायचा नाही, कारण तो दमलेला असतो. शेपटीशी धरून पाण्यातच सांभाळायचा आणि त्याने झटका दिला की लगेच हात काढायचा. सात वर्षांपूर्वी शशिधरांनीच हे परीक्षितला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. करायची वेळ आज आली.

त्यांनी मोजे काढले, होडीच्या कडेवर ओणवे झाले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं होतं. माशाचे कल्ले हळूहळू हलायला लागले. मग त्याने एक झटका दिला. मग दुसरा.

"बाबा, सोडा आता."

"सोडलाय."

"बाबा."

"सोडलाय रे केव्हाच. तोच जात नाहीये."

परीक्षित त्यांच्या शेजारी येऊन वाकला. पाणी स्वच्छ होतं. सासऱ्यांची पाचही बोटं माशाच्या शेपटीभोवती घट्ट आवळलेली होती, नखं पांढरी पडली होती.

त्याने बाही वर सारली, पाण्यात हात घातला आणि त्यांचं एकेक बोट उघडायला लागला.

"आईंना कळवा," तो खाली बघतच म्हणाला, "सांगितलं म्हणून."